रुटीन रिपोर्ट आला म्हणजे कल्चर झालं असं नाही

लोकमान्य नगरातल्या काकूंनी परवा लघवीच्या रिपोर्टचा फोटो पाठवला, पस सेल्स (पू-पेशी) २०-२५, नायट्राइट पॉझिटिव्ह, आणि खाली प्रश्न, "अरे, ह्यात औषध कोणतं लागू पडेल ते कुठे लिहिलंय?" कुठेच नाही, कारण ते रुटीन होतं.

रुटीनमधे लघवीत पट्टी बुडवतात, रंग बघतात, थेंबभर मायक्रोस्कोपखाली ठेवतात, झालं. इन्फेक्शन असावं एवढंच कळतं. ई. कोलायसारखे जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात म्हणून पट्टी रंग बदलते, पण एन्टेरोकॉकस तसं करत नाही, म्हणजे निगेटिव्ह आलं तरी गाफील राहू नका.

कल्चर वेगळं. जंतू प्लेटवर वाढवायचे, मग त्यांच्यात अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायच्या आणि कुठल्या चकतीभोवती जागा मोकळी राहिली ते मोजायचं. रिपोर्टमधे औषधांची यादी, पुढे एस, आय नाहीतर आर. एस म्हणजे औषध लागू पडतं, आय म्हणजे मधलं, आर म्हणजे रेझिस्टंट, तो जंतू त्या गोळीला दाद देणार नाही. ह्यात दोन-तीन दिवस जातात, आणि खरा घोळ इथेच, लोक मेडिकलवरून गोळ्या आणून दोन खाऊन मग सँपल द्यायला जातात, कल्चर 'नो ग्रोथ' येतं आणि जळजळ आहे तशीच. आधी सँपल, मग गोळी! मधल्या धारेची लघवी, लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत, दोन तासांत पोचवायची. इंदूरच्या मे महिन्यात ती डबी स्कूटीच्या डिक्कीत घालून राजवाड्याची खरेदी उरकत बसलात तर बाहेरून आलेले जंतूही आरामात वाढतात.

आता 'रॅपिड टेस्ट' म्हटलं की सगळ्यांना ती पट्टीच आठवते. पण २०२४ मधे ८० लाख पौंडांचं लॉन्गिट्यूड प्राइझ (अँटिबायोटिक रेझिस्टन्सवरच्या शोधासाठीचं ब्रिटिश बक्षीस) ज्या स्वीडिश मशीनला मिळालं, पीए-१००, ते कल्चरच्या जातीचं आहे. बारीक बारीक नळ्यांमधे जंतू अडकवून त्यांच्यावर औषध सोडायचं आणि वाढतायत की थांबले ते कॅमेऱ्याने बघायचं. पंधरा मिनिटांत जंतू आहेत का ते, आणि पाऊण तासात कोणतं औषध चालेल ते. तपासतं मात्र पाचच औषधं, त्यामुळे प्लेटवालं कल्चर काही लगेच रिटायर होत नाही.

प्रत्येक जळजळीला कल्चर लागतंच असंही नाही हं, डॉक्टर ठरवतील. पण गरोदर बाई, लहान मूल, पुरुष, परत परत होणारं इन्फेक्शन, किंवा थंडी वाजून ताप आणि कंबरेच्या वर दुखणं, तर नुसत्या रुटीनवर थांबू नका.