गरम पाण्याची लाइन कशाची टाकायची?

बाथरूमचं काम निघालं की टाइल्स निवडायला अख्खं घर दुकानात जातं आणि पाइप मात्र प्लंबरवर सोडले जातात. टाइल पुढे आवडेनाशी झाली तरी निभावतं. भिंतीतला पाइप गळायला लागला तर तीच टाइल फोडावी लागते. म्हणून पाइपचं आधी ठरवावं, त्यातही गरम पाण्याच्या पाइपचं. थंड पाण्याला बरेच पाइप चालतात. पाणी तापलं की पाइपची खरी परीक्षा सुरू होते.

जुन्या घरांतल्या जीआय पाइपचंच बघा. लोखंडावर जस्ताचा थर असतो. पाण्यात जस्त आधी झिजतं आणि तोवर लोखंड वाचतं. पण पाणी साधारण ६० अंशांच्या पुढे गेलं, तर काही प्रकारच्या पाण्यात हे उलटतं आणि जस्ताच्या आधी लोखंडच गंजू लागतं. भरीला क्षार. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं, आणि असं पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट वेगळा होऊन आतून चिकटतो. असा पाइप कापला की आत तांबूस गाठी, पांढरट थर आणि मधे करंगळी जाईल न जाईल एवढं भोक दिसतं. आतला व्यास निम्मा झाला, तर तेवढ्याच दाबाला पाणी निम्मं येत नाही, जेमतेम सहावा हिस्सा येतं. शॉवरची धार बारीक झाली की टाकीला दोष देण्याआधी हे आठवावं.

प्लास्टिक गंजत नाही, पण मऊ पडतं. पांढरा यूपीव्हीसी थंड पाण्याला उत्तम. मात्र ८० अंशांच्या आसपास तो नरम होतो, आणि ६० अंशांनाच त्याची दाब पेलण्याची ताकद थंडाच्या जेमतेम पाव उरते. (घेताना त्यावर शिसेमुक्त असल्याचं छापलेलं आहे का ते बघा, पीव्हीसी पाइपमधल्या शिशाबाबत २०२१ साली देशात नियम निघाले आहेत.) सीपीव्हीसी त्याचाच भाऊ. पीव्हीसीत क्लोरीन वजनाने सुमारे ५७ टक्के असतो, तो वाढवून ६३ ते ६७ टक्क्यांपर्यंत नेला की सीपीव्हीसी होतो. क्लोरीनचे अणू आकाराने मोठे. ते जास्त झाले की रेणूंच्या साखळ्यांना एकमेकींवरून सरकायला जागा उरत नाही, आणि पाइप मऊ पडायचं तापमान शंभरच्या पार जातं.

दुकानात सीपीव्हीसीचे एसडीआर ११ आणि १३.५ असे दोन प्रकार मिळतात. हा आकडा म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या किती पट, ते. आकडा मोठा तेवढा पाइप पातळ. एसडीआर ११ चा पाइप साध्या तापमानाला प्रति चौरस सेंटिमीटर २८ किलो दाब पेलतो, ८२ अंशांना ७ किलो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एक किलो; तेव्हा तीन मजली घरात गीझरसाठी हा भरपूर झाला. गरम लाइनला मी ११ च घ्या म्हणेन, फरकाचे पैसे वाचवू नका.

सोलरचं वेगळं. मे महिन्यात घर चार दिवस बंद असलं की काचेच्या नळ्यांच्या सोलरमधलं पाणी उकळीला टेकतं. तिथे सीपीव्हीसी नको. टाकीतून उतरणारी पहिली लाइन क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनच्या कॉम्पोझिट पाइपची टाकावी. त्यातल्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात, आणि मधे ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. तो पत्रा लांबी फारशी वाढू देत नाही, हा गच्चीवर मोठा फायदा. दहा मीटरची लाइन ५० अंशांनी तापली तर लोखंड ६ मिलिमीटर वाढतं, कॉम्पोझिट १२-१३, सीपीव्हीसी ३० च्या वर आणि पीपीआर (पॉलिप्रॉपिलीनचा पाइप) तब्बल ७५. दोन्ही टोकांना घट्ट क्लॅम्प मारून सरळ लाइन टाकली, तर ही वाढ एल्बोवर, म्हणजे कोपऱ्यातल्या जोडावर, जोर काढते. मधे एक वळसा द्यावा आणि क्लॅम्प सैल ठेवावेत.

तरीही गळती बहुतेक वेळा जोडातूनच होते. सीपीव्हीसीचं सोल्युशन हा नुसता डिंक नाही. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं आणि सुकल्यावर ते एकजीव होतात. त्यामुळे यूपीव्हीसीचं सोल्युशन इथे चालत नाही, पाइप ओला किंवा तिरका कापलेला चालत नाही. गीझरच्या तोंडाशी नुसत्या प्लास्टिकचे आटे नकोत, पितळी आट्यांचं फिटिंगच लावा, आणि टेफ्लॉन टेप बेतानेच गुंडाळा. जाड थरावर पाना आवळला की प्लास्टिकला चीर जाते.

प्लास्टर करण्याआधी लाइनमध्ये हातपंपाने दाबाखाली पाणी भरून तपासून घ्या, आणि दाबाचा काटा पडतो का ते उभं राहून बघा. काही जण वेळ वाचवायला कॉम्प्रेसरची हवा भरतात. तसं करू देऊ नका. पाणी दाबाखाली जवळजवळ आकसत नाही, म्हणून पाइप फुटला तरी नुसती चिळकांडी उडते. हवा मात्र आकसून ऊर्जा साठवते, आणि जोड सुटला की प्लास्टिकचे तुकडे गोळीसारखे उडतात.