पेटी कंत्राटदाराचं नाव कळलं, पण मजुरी कोण भरणार?

अमेरिकेत बांधकामावर मजुरी बुडवली तर तिला सरळ ‘वेतनचोरी’ म्हणतात. ती रोखणाऱ्या नियमांची चर्चा निघाली की दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. आपले पेटी कंत्राटदार, म्हणजे आपल्याकडचं काम पुढे ज्यांना वाटून दिलं ते, कोण हे मुख्य कंत्राटदाराने जाहीर करणं ही एक. त्यांनी बुडवलेली मजुरी मुख्य कंत्राटदाराने भरणं ही दुसरी. यादी दिली म्हणजे मजुरीची सोय झालीच, असं अनेक जण धरून चालतात.

यादीचा नियम कॅलिफोर्नियात फार नेमका आहे. सरकारी कामाची निविदा भरतानाच, एकूण बोलीच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त काम ज्याच्याकडे जाणार त्याचं नाव, ठिकाण आणि परवाना क्रमांक द्यावा लागतो. 1 कोटी डॉलरच्या बोलीत ही रेघ 50,000 डॉलरवर येते (रस्ते-पुलांचा हिशेब थोडा वेगळा). पुढे नाव बदलायचं तर काम देणाऱ्या यंत्रणेची संमती हवी. परस्पर बदललं तर त्या पेटी कंत्राटाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड.

गंमत अशी की हा नियम मुळात मजुरांसाठी केलेलाच नाही. काम पदरात पडल्यावर मुख्य कंत्राटदार एकाचा दर दुसऱ्याला दाखवून घासाघीस करायचा, ती थांबवायला केलेला आहे. या घासाघिशीतून कामगारांची मजुरी बुडते, एवढं मात्र कायद्याच्या उद्देशातच लिहिलेलं आहे. पाडलेला दर शेवटी कुणाच्या तरी हजेरीतून वसूल होतो, हे कायदा करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण यादीत येतो तो फक्त मुख्य कंत्राटदाराशी थेट करार असलेला माणूस. समजा, एका सरकारी इमारतीत जिप्समच्या भिंती उभारायच्या आहेत. यादीतल्या कंपनीने काम दुसऱ्याला दिलं, दुसऱ्याने माणसं पुरवणाऱ्या तिसऱ्याला. हा तिसरा दर शुक्रवारी गाडीपाशी उभा राहून रोख पैसे वाटतो. भरले 50 तास, हातात पैसे 40 तासांचे. मग एका शुक्रवारी गाडीच येत नाही. मजुराकडे मुकादमाचा मोबाइल नंबर तेवढा असतो, आणि तोही बंद. यादी उघडून पाहिली तर हा तिसरा गडी त्यात कुठेच नाही.

जबाबदारीचा नियम नेमका इथे कामाला येतो. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2018 पासूनच्या खाजगी बांधकाम करारांत, साखळीतल्या कोणत्याही पायरीवर बुडालेली मजुरी मुख्य कंत्राटदाराकडून वसूल होऊ शकते. सरकारी कामांवरच्या मजुरीसाठी वेगळी तरतूद आहे. न्यू यॉर्कने 4 जानेवारी 2022 पासूनच्या करारांना असाच नियम लावला, आणि तिथे मजूर थेट मुख्य कंत्राटदारावर दावा लावू शकतो. ‘मी त्याला कामावर ठेवलंच नव्हतं’ ही पळवाट बंद.

माझ्या मते खरा जोर या दुसऱ्या नियमात आहे, कारण तो पहिल्याचं काम आपोआप करून घेतो. मजुरी स्वतःच्या खिशातून जाणार म्हटल्यावर खाली कोण कोण आहे हे मुख्य कंत्राटदारच खोदून विचारतो. न्यू यॉर्कच्या कायद्याने त्याला तसा हक्कही दिला आहे. पेटी कंत्राटदाराकडून तो पगारपत्रकं मागू शकतो, त्याने पुढे कुणाला काम दिलं ते विचारू शकतो. माहिती मिळाली नाही तर बिल अडवू शकतो. एरवी निविदेच्या फायलीत पडून राहणारी यादी इथे दर बिलामागे तपासली जाते.

काही ठिकाणचे स्थानिक नियम तिसऱ्याच वाटेचे असतात. फ्लोरिडातल्या मायामी-डेड काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) 2010 साली वेतनचोरीविरुद्ध स्थानिक कायदा केला. त्यात मजुराला आपल्या मालकाविरुद्ध काउंटीकडे तक्रार करता येते. ती बांधकामापुरती नाही, कंत्राटांच्या साखळीशीही तिचा थेट संबंध नाही.

न्यू यॉर्कच्या नियमालाही एक खिंडार आहे. मालक स्वतः राहतो त्या घराच्या दुरुस्तीचं काम त्यातून वगळलेलं आहे. अशा घरात फरशी बसवणाऱ्याची मजुरी बुडाली, तर वरच्या कंत्राटदाराला पकडायला हा कायदा उपयोगाचा नाही.