बाळंतपणानंतरचे नैराश्य: शासकीय उपचार कोणाला आणि कोणत्या कागदांवर मिळतात

बाळंतपणानंतर पहिल्या आठ-दहा दिवसांत येणारे रडू बहुधा आपोआप ओसरते. मात्र उदासी, बाळ झोपले असतानाही झोप न लागणे, बाळाविषयी ओढ न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर तो आजार समजून उपचार घ्यावेत. हे उपचार सुरू करण्यासाठी कोणताही अर्ज मंजूर व्हावा लागत नाही. कागद जमवण्याच्या नादात बाळंतिणीचे दिवस वाया जाऊ नयेत, म्हणून हे आधीच सांगणे आवश्यक वाटते.

‘टेली मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत समुपदेशन मिळते आणि मराठीतही बोलता येते. रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. बाळाचे वजन झाल्यावर त्यांना स्वतःच्या मनाविषयीही मोकळेपणाने सांगावे. जीव देण्याचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तिला एकटे न सोडता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढावा. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. सोबत आधार कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, प्रसूतीचे डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या असाव्यात. अंगावर पाजत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, म्हणजे औषध त्यानुसार निवडता येते.

दाखल व्हावे लागले तर बाळ हिरावले जाईल, ही भीती मला सर्वांत क्रूर वाटते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार तीन वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईपासून वेगळे करता येत नाही. मुलाला धोका असल्याचे मानसोपचारतज्ज्ञांचे मत झाल्यास ते तात्पुरते वेगळे ठेवता येते, पण देखरेखीखाली आईला त्याला भेटता येते आणि त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा लागतो. शिवाय निर्णय घेण्यास सक्षम असलेली सज्ञान स्त्री स्वतःच्या विनंतीवरून दाखल होऊ शकते; त्यासाठी पतीची सही लागत नाही.

मातृत्व रजेस पात्र असलेल्या नोकरदार मातेला प्रसूतीतून उद्भवलेल्या आजारासाठी त्या रजेव्यतिरिक्त कमाल एक महिन्याची पगारी रजा मिळू शकते. त्या अर्जाला जोडायच्या वैद्यकीय दाखल्यावर आजाराचा प्रसूतीशी असलेला संबंध डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावा.