आत आलेल्यांतले जुने आणि सुटलेल्यांतले परतलेले

दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तोच तक्ता फिरत येतो. सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणारे कैदी: अमेरिका ७६ टक्के, नॉर्वे २० टक्के, भारत जेमतेम तीन-चार टक्के. खाली शेरा ठरलेला. एकतर ‘नॉर्वेकडून शिका’, नाहीतर ‘बघा आपले संस्कार, आपला कैदी सुटला की मागे वळून बघत नाही’. हा दुसरा शेरा वाचला की मी फोन पालथा ठेवतो.

घोळ सगळा मोजणीत आहे. तुरुंगात माणूस सुधारतो का, या प्रश्नावर दोन वेगवेगळ्या मोजण्या चालतात आणि लोक त्यांना एकच समजतात. पहिली मोजणी आत येणाऱ्यांची: यंदा दाखल झालेल्या शिक्षाबंद्यांत, म्हणजे शिक्षा लागलेल्या कैद्यांत, जुने किती? दुसरी बाहेर पडणाऱ्यांची: अमुक साली सुटलेल्यांपैकी पुढच्या दोन, तीन, पाच वर्षांत परत किती सापडले? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंगविषयक वार्षिक अहवालात सराईतांचा, म्हणजे आधीही शिक्षा झालेल्यांचा, जो आकडा असतो, तो पहिल्या जातीचा. नॉर्वे-अमेरिकेचे दुसऱ्या जातीचे.

मग फरक पडून पडून किती पडणार, असं वाटत असेल तर एखाद्या खानावळीत जाऊन बसा. समजा तिथे महिन्याचे मेंबर दहा आहेत, दोन्ही वेळा न चुकता येणारे. शिवाय रोज दुपारी दहा नवी माणसं येतात, कामानिमित्त गावात आलेली, एकदाच जेवून जाणारी. कुठल्याही दुपारी पानं मोजा, निम्मे लोक नेहमीचे. मालक छाती फुगवून सांगेल, पन्नास टक्के गिऱ्हाईक परत येतं. आता महिनाअखेरीस वही उघडा. एकूण ३१० माणसं जेवून गेली, परत आली ती दहाच. शेकडा तीन. खानावळ एकच, आमटीही तीच, आणि पन्नास व तीन हे दोन्ही आकडे खरे. त्यातला एक उचलून शेजारच्या खानावळीच्या दुसऱ्या जातीच्या आकड्याशेजारी मांडला, तर आमटी कोणाची चांगली हे कसं कळणार?

अमेरिकेतही हे कोडं सुटायला बराच काळ गेला. एखाद्या वर्षी सुटलेले कैदी घेतले, तर त्यांत वारंवार आत-बाहेर करणाऱ्यांची गर्दी असतेच, कारण तेच वारंवार सुटतात. म्हणजे बाहेरच्या दाराशी उभं राहिलं तरी मेंबर लोकच जास्त दिसतात. प्रत्येक माणूस एकदाच धरायचा असं ठरवून तिथल्या अभ्यासकांनी पुन्हा हिशोब केला, तेव्हा तुरुंगातून सुटलेल्या तिघांपैकी साधारण दोघे पुन्हा कधी तुरुंगात गेलेच नाहीत असं दिसलं. हा आकडा त्या तक्त्यात मी कधी पाहिलेला नाही.

आता आपला तीन-चार टक्क्यांचा चमत्कार. विधी सेवेच्या कामासाठी एका कारागृहात जायचो तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी कोर्टाची गाडी आली की नव्या लोकांची झडती होते, अंगावरच्या खुणा लिहून घेतात, आणि ठरलेला प्रश्न येतो, ‘आधी कधी आला होतास?’ एक पोरगा म्हणाला, ‘नाही साहेब.’ टेबलामागचा हवालदार मान वर न करता म्हणाला, ‘गणपतीत इथंच होतास की रे.’ पोरगा हसला, हवालदारही हसला. दोघांचंही बरोबर होतं. पोरगा गणपतीत आत होता खरा, पण न्यायबंदी म्हणून, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीचा कच्चा कैदी. पुढे जामीन झाला, केस अजून तारखांवर तारखा खात होती. शिक्षा लागलेली नाही, म्हणून सराईतांच्या गणतीत तो नाही. आणि या खेपेलाही तो कच्चा कैदीच, म्हणजे ज्या शिक्षाबंद्यांतून सराईत मोजायचे त्यांतही नाही. हवालदाराला चेहरा पाठ होता, अहवालाला नव्हता.

हा एकटा पोरगा नव्हे. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारातले तीन. उरलेल्या चौथ्यावरून ‘भारतीय कैदी सुधारतो’ असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. निकाल लागायला जिथे वर्षं जातात तिथे ‘आधीची शिक्षा’ हा निकषच गळका आहे. आणि ‘तुरुंगाने सुधारणा केली का’ हा प्रश्न शिक्षा झालेल्याला विचारायचा असतो. ज्याचा गुन्हाच अजून शाबीत नाही, त्याची सुधारणा कशातून करणार? अमुक साली सुटलेले सगळे घ्यायचे आणि पाच वर्षं त्यांचा माग ठेवायचा, अशी देशपातळीवरची मोजणी आपल्याकडे दरवर्षी छापली जात नाही. त्यामुळे तक्त्यातली भारताची रांग खरं तर कोरी हवी.

बाकीचे फरक चटकन सांगून टाकतो. ‘पुन्हा’ म्हणजे अटक, शिक्षा की तुरुंग, हे आधी विचारा. २००५ मध्ये अमेरिकेच्या ३० राज्यांतून सुटलेल्यांपैकी पाच वर्षांत ७६.६ टक्के पुन्हा अटक झाले, ५५.४ टक्क्यांना शिक्षा लागली, आणि नव्या शिक्षेवर तुरुंगात गेले २८.२ टक्के. माणसं तीच. नॉर्वेचे २० टक्के हे दोन वर्षांतल्या नव्या शिक्षेचे आहेत, त्यात नुसता दंड झालेले धरलेलेच नाहीत. शिवाय नॉर्वेत दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यालाही थोड्या दिवसांचा तुरुंग होतो, आणि असा माणूस सहसा दरोडा घालायला जात नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत आहे, उंच भिंतींशिवायचा तुरुंगच म्हणा; तिच्याबद्दलही हेच. १९३९ पासूनचा हा प्रयोग मला मनापासून आवडतो. पण तिथे पाठवतात ते चांगल्या वागणुकीचे, निवडलेले कैदी. ते पळाले नाहीत याचं सगळं श्रेय जागेला देता येत नाही.

मग उत्तर मिळतच नाही का? मिळतं, फक्त तक्त्यातून नाही. नॉर्वेत खटला कोणत्या न्यायाधीशापुढे जाईल हे जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, आणि काही न्यायाधीश तुरुंगात धाडायला जास्त सढळ असतात. अर्थशास्त्रज्ञांनी याचाच फायदा घेतला: सारख्याच आरोपींपैकी एकाला केवळ न्यायाधीश कडक मिळाला म्हणून तुरुंग झाला, दुसऱ्याला झाला नाही, पुढे दोघांचं काय झालं? पाच वर्षांत पुन्हा गुन्ह्यात सापडण्याची शक्यता तुरुंगात गेलेल्यांत बरीच कमी निघाली. पण हा परिणाम जवळजवळ सगळा आधी बेकार असलेल्यांत होता. त्यांना आत कामाचं प्रशिक्षण मिळालं आणि बाहेर आल्यावर नोकरीही लागली. ज्यांना आधीपासून नोकरी होती, त्यांच्या गुन्ह्यांत असा फरक दिसला नाही. त्यांची होती ती नोकरी मात्र गेली.