मोत माउली (माउंट मेरी बॅसिलिका, वांद्रे)

मोत माउली : मुंबईच्या वांद्रे उपनगरात समुद्रालगतच्या टेकडीवर असलेले मरियामातेचे कॅथलिक तीर्थस्थान, आणि याच नावाने हाक मारली जाणारी तिथली माता. चर्चच्या दफ्तरी नाव ‘बॅसिलिका ऑफ अवर लेडी ऑफ द माउंट’. रिक्षावाला, बसचा कंडक्टर आणि निम्मी मुंबई म्हणते ‘माउंट मेरी’. कोळीवाड्यांत आणि ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिकांच्या) गावठाणांत मात्र ‘मोत माउली’ किंवा ‘मोत मावली’ हेच नाव चालते, आणि या नोंदीतही तेच वापरले आहे, कारण या जागेचा स्वभाव त्या नावातच जास्त सापडतो.

पोर्तुगीज ‘मोंत’ म्हणजे डोंगर. अनुनासिक गळून त्याचे ‘मोत’ झाले, ही व्युत्पत्ती सरळ आहे. मंगळुरी कॅथलिकांचा ८ सप्टेंबरचा सणही ‘मोंती फेस्त’ म्हणूनच ओळखला जातो. पण दर्यावर पोट असलेल्यांनी या शब्दात मोती पाहिला, आणि मोत माउली म्हणजे मोत्यांची आई असा अर्थ लावला. ‘माउली’ला तर व्युत्पत्तीची गरजच नाही. ज्ञानोबाला जी हाक, तळकोकणातल्या ग्रामदेवीला जी हाक, तीच इथे येशूच्या आईला. परदेशी जहाजातून आलेली मूर्ती इथल्या माणसांनी कोणत्या नात्याने घरात घेतली, ते या एका शब्दावरून कळते.

मूर्ती सोळाव्या शतकात येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंनी पोर्तुगालहून आणली अशी परंपरा आहे. टेकडीच्या पायथ्याशी, भूशिराच्या टोकाला पोर्तुगीजांनी १६४० मध्ये ‘कास्तेला दि आग्वाद’ हा किल्ला बांधला. आज आपण ज्याला वांद्र्याचा किल्ला म्हणतो तो हाच. टेकडीवरचे पहिले छोटे प्रार्थनामंदिरही त्याच काळातले. इ.स. १७०० च्या सुमारास अरब चाच्यांनी टेकडीवर धाड घातली. मूर्तीच्या उजव्या हातातली सोनेरी मुलाम्याची वस्तू पाहून त्यांना ती सोन्याची वाटली आणि ती काढण्यासाठी त्यांनी हातच तोडला, असे सांगतात. त्यावेळी मधमाश्यांचे मोहोळ उठले आणि चाचे पळाले, ही पुढची कथा भाविकांची लाडकी.

यानंतरचा भाग मराठी वाचकाने जरा थांबून वाचावा असा आहे. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत साष्टी बेट मराठ्यांकडे आले. वांद्रे हे या बेटाचे दक्षिण टोक; खाडीपलीकडचे माहीम इंग्रजांचे. टेकडीवरचे मंदिर त्या धामधुमीत पडले, आणि वाचवलेली मातेची प्रतिमा खाडी ओलांडून माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये गेली. ती तिथे वीस-बावीस वर्षे होती. १७६०-६१ म्हटले की आपल्याला पानिपत आठवते. त्याच सुमारास इकडे वांद्र्याच्या टेकडीवर मंदिर पुन्हा उभे राहिले आणि माता परत आली. साष्टी तेव्हा पेशव्यांच्या अमलाखाली होती. इंग्रजांनी ती घेतली १७७४ मध्ये. म्हणजे पोर्तुगीजांनी वसवलेल्या या ठिकाणाची दुसरी उभारणी झाली ती मराठी राज्यात. ‘पोर्तुगीज काळातले चर्च’ एवढ्यावर माहिती आटोपणाऱ्या फलकांवर हे सहसा नसते.

नव्या मंदिरात हात तुटलेल्या मूर्तीऐवजी हिल रोडवरच्या सेंट अँड्र्यूज चर्चमधली ‘नाविकांची माता’ बसवण्यात आली. हिची गोष्ट कोळ्यांची आहे. एका कोळ्याला स्वप्न पडले की समुद्रात तुला मूर्ती मिळेल, आणि खरोखरच ती लाटांवर तरंगताना सापडली. स्वप्नात दृष्टान्त, मग पाण्यातून वा वारुळातून देव निघणे, हा साचा कोकण किनाऱ्यावर ज्याच्या कानावर नाही असा माणूस विरळा. पुढे जुन्या मूर्तीची डागडुजी झाली, तुटलेला हात झाकला जाईल अशा रीतीने बाळ येशू तिच्या कडेवर आला, आणि आज मुख्य वेदीवर मान तिचाच आहे.

आजची इमारत त्यामानाने अलीकडची आहे. शापूरजी चांदाभॉय या मुंबईच्या वास्तुविशारदाने ती सुमारे एक लाख रुपये खर्चून १९०४ मध्ये पुरी केली. दगडी, गॉथिक धाटणीची, दोन मनोऱ्यांची. आत भिंतींवर मरियेच्या जीवनातले प्रसंग चितारले आहेत. १९५४ हे कॅथलिक जगात मरियावर्ष म्हणून पाळले गेले, आणि त्याच वर्षी पोप बारावे पायस यांनी या चर्चला बॅसिलिकेचा, म्हणजे पोपने खास मान दिलेल्या चर्चचा, दर्जा दिला.

पारशांचे या टेकडीशी नाते वेगळेच. समुद्राच्या बाजूने वर येणाऱ्या दगडी पायऱ्या, ‘देग्रादोस दि बोमनजी’, १८७९ मध्ये एका पारशी गृहस्थाने बांधल्या. नाव पोर्तुगीज, पैसा पारशी, आणि चढणारे बहुतेक कोळी. याहून मोठी गोष्ट माहीमच्या कॉजवेची. तो होण्यापूर्वी माहीमहून वांद्र्याला यायचे तर होडी लागे, आणि पावसाळ्यात ही खाडी माणसे घेई. कंपनी सरकार पैसे सोडेना. तेव्हा सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले, जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही अशी अट घातली, आणि १८४५ मध्ये कॉजवे खुला झाला. माहीमचा लेडी जमशेटजी रोड त्यांच्याच नावाचा. आवाबाईंनी आजारी मुलासाठी मोत माउलीला नवस बोलला होता आणि तो फेडायला हा रस्ता बांधला, असे वांद्र्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ती आख्यायिका आहे. पण मुंबई बेटाला साष्टीशी जोडणारा रस्ता नवसातून झाला, असे लोकांना वाटावे यातच माउलीची पत दिसते.

नवस हाच इथल्या यात्रेचा गाभा. कॅथलिक शिकवण सांगते की आराधना फक्त देवाची. मरियेकडे मागायची ती मध्यस्थी, ‘आमच्यासाठी विनंती कर’ एवढीच. धर्मगुरू हे प्रवचनात आवर्जून सांगतात. रांगेतल्या बाईला हा भेद ठाऊक नसतो असे नाही, पण तिचे बोलणे थेट आईशी चाललेले असते.

चर्चकडे येणाऱ्या रस्त्यावर मेणबत्त्यांची दुकाने ओळीने आहेत, आणि त्यांत साध्या मेणबत्त्यांखेरीज मेणाचे साचे मांडलेले असतात. हात, पाय, डोळ्यांची जोडी, हृदय, पाळण्यातल्यासारखे गुबगुबीत बाळ, नवरा-नवरीची जोडी, कौलारू घर, आणि परदेशी नोकरीच्या आशेने येणाऱ्यांसाठी विमान. मेण पिवळट किंवा पांढरे, कडेला साच्याची शिवण दिसते. उन्हात ठेवलेल्या हाताची बोटे दुपारपर्यंत किंचित वाकतात. प्रस्तुत लेखकाने एकदा आईच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी चौकशी केली तेव्हा दुकानातल्या मावशी म्हणाल्या, “नुसता गुडघा नाय येत, अख्खा पायच घ्यावा लागतो.” घेतला. ज्या अवयवाचे दुखणे तो अवयव वाहण्याची ही चाल पोर्तुगालमधल्या तीर्थांवरही आहे. आपल्याकडे ती परकी वाटायचे कारणच नव्हते, कारण देवीला चांदीचे डोळे आणि नवसाचा पाळणा इथली माणसे वाहतच होती. मेण चांदीपेक्षा स्वस्त, एवढाच फरक. हात तुटलेल्या मातेपुढे रोज मेणाच्या हातांचा ढीग पडतो, हे मात्र एकदा लक्षात आले की विसरता येत नाही.

मेणबत्त्या पेटवायच्या त्या बाहेरच्या आवारात. तिथे उष्मा आणि मेणाचा वास इतका दाट असतो की डोळे चुरचुरतात. झेंडूचे हारही चालतात. कॅथलिक नसलेल्यांना आत जायला आडकाठी नाही. चपला काढण्याचा नियम नसला तरी बरेच हिंदू सवयीने काढायला जातात आणि मग इकडेतिकडे बघून परत घालतात. मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) चालू असेल तर मागच्या बाकांवर शांत बसावे. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर, फक्त बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतो, तो प्रसादाच्या रांगेसारखा घ्यायला पुढे जाऊ नये. रस्त्यापलीकडे फातिमामातेचे छोटे मंदिर आहे. तिथून समुद्र आणि सागरी सेतू दिसतो.

जत्रा : मरियेचा जन्मदिवस ८ सप्टेंबरला. त्याआधी नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, होते. जत्रा ८ तारखेनंतरच्या रविवारी, आणि ८ तारीखच रविवारी आली तर त्याच दिवशी, सुरू होते आणि पुढच्या रविवारपर्यंत चालते. ‘वांद्र्याची जत्रा’ म्हणतात ती हीच. या आठवड्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत मिस्सा होतात, इंग्रजीबरोबरच मराठी आणि कोकणीतही. बेस्ट वांद्रे स्थानकावरून जादा गाड्या सोडते, तरीही मेहबूब स्टुडिओपासून वर चालतच जावे लागते, आणि चालत जाण्यातच खरी जत्रा असते. खाजे, चणे, पेरूची वडी, लाकडी खेळणी, कंठ्या, जपमाळा. मासेमारीची पावसाळी बंदी ३१ जुलैला उठलेली असते, होड्या दर्यात गेलेल्या असतात, तेव्हा कोळीवाड्यांतून बायका ठेवणीतली लुगडी आणि अंगभर सोने घालून येतात. मोसमातला पहिला पैसा माउलीच्या वाट्याचा, असे मानणारी घरे अजून आहेत.

पुष्कळदा ही जत्रा आणि गणेशोत्सव एकाच आठवड्यात येतात. २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, जत्रेला सुरुवात झाली. दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन करून तशीच टेकडी चढणारी कुटुंबे तेव्हा दिसली. पोलिसांचे मात्र अशा वर्षी हाल होतात. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये जत्रा भरली नाही.

या यात्रेचे स्थानिक यजमान म्हणजे ईस्ट इंडियन, उत्तर कोकणातले मूळचे मराठीभाषक कॅथलिक. नावाने बाहेरचा माणूस हमखास फसतो, आणि त्यांना बंगालकडचे समजतो. गोवा-मंगळुराहून आलेल्या कॅथलिकांपासून आपण वेगळे आहोत हे दाखवण्यासाठी, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीची आठवण असलेले हे नाव घेतले. रानवर, चिंबई, पाली, शेर्ली-राजन ही वांद्र्याची गावठाणे त्यांची. मोठे टॉवर उठल्याने त्यांच्या गल्ल्या आता आकसल्या आहेत, पण चौकाचौकांतल्या क्रुसांपुढे रोजारी (जपमाळेची प्रार्थना) म्हटली जाते.

माहीम : मोत माउलीला आसरा देणारे सेंट मायकल चर्च आज स्वतःच्या बळावर यात्रास्थान आहे. मूळ स्थापना पोर्तुगीजांची, १५३४ ची. तिथे ८ सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे माउलीच्याच दिवशी, ‘निरंतर साहाय्य मातेची’ नोव्हेना सुरू झाली आणि तेव्हापासून दर बुधवारी ती होते. सलग नऊ बुधवार करायचे असा नेम असतो. बुधवारी सकाळी माहीम स्थानकावर उतरणाऱ्या गर्दीत हातात मेणबत्ती असलेला माणूस कुठे चालला आहे, हे कुणी कुणाला विचारत नाही. नऊ बुधवार पुरे झाले आणि काम झाले की त्यातले बरेचजण कॉजवेवरून बस पकडून वांद्र्याला जातात, वर माउलीला सांगायला.