पाटील एस. आर. नेमके कोण?

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असं पत्र आलं की महाविद्यालयात दोन ठिकाणी रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. एक प्राचार्यांच्या केबिनमध्ये आणि दुसरे ग्रंथालयात. गेल्या खेपेला प्राध्यापकांनी पाच वर्षांत छापलेल्या शोधनिबंधांची यादी करायचं काम ग्रंथपाल म्हणून माझ्या गळ्यात पडलं. मी एका मोठ्या डेटाबेसमध्ये ‘पाटील एस. आर.’ असं टाकलं. समोर ऊस आला, हृदयरोग आला, काँक्रीटची ताकद आली, सौरघट आले. आमचे पाटील सर वनस्पतिशास्त्राचे. त्यांचे निबंध या गर्दीत कुठे आहेत ते शोधण्यात अख्खी दुपार गेली.

रसायनशास्त्राच्या एका मॅडमचं नेमकं उलट होतं. पाटील एका नावाची अनेक माणसं, तर मॅडम अनेक नावांचं एक माणूस. पीएच.डी. करताना माहेरचं आडनाव, लग्नानंतर सासरचं, मधल्या काळात दोन्ही आडनावं जोडून. शिवाय आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव अशी तिहेरी पद्धत. परदेशी नियतकालिकाच्या फॉर्मात ती नीट बसत नाही, म्हणून एका निबंधात त्यांच्या वडिलांचं नावच आडनाव होऊन छापलं गेलेलं. संगणकाच्या लेखी या चार वेगळ्या बायका होत्या, आणि चौघींची कारकीर्द बेताचीच!

ग्रंथपालांना हे दुखणं नवं नाही. जुन्या कार्ड-तालिकेच्या खणात ‘कुसुमाग्रज’ काढलं की कार्डावर लिहिलेलं असायचं: ‘पाहा: शिरवाडकर, वि. वा.’ एका माणसासाठी नावाचं एक प्रमाण रूप ठरवायचं आणि बाकी सगळ्या रूपांवरून तिकडे बोट दाखवायचं, हे काम आमच्या आधीच्या पिढ्यांनी शाई-टाकानं केलं. पण ती तालिका एका इमारतीपुरती. शोधनिबंध लिहिणारा माणूस जगभरच्या हजारो नियतकालिकांत विखुरलेला असतो. प्रत्येकाच्या दारात जाऊन ‘पाहा’ कार्ड कोण लावणार?

या अडचणीवरचा तोडगा म्हणजे ऑर्किड. फुलाशी त्याचा संबंध नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेली ही एक ना-नफा संस्था आहे आणि ती संशोधकाला सोळा आकडी क्रमांक फुकट देते. ग्रंथालयाच्या भाषेत सांगायचं तर पुस्तकाला दोन क्रमांक असतात. वर्गांक बोलका असतो, तो पुस्तकाचा विषय सांगतो. दाखल नोंदवहीतला क्रमांक मात्र मुका. तो फक्त सांगतो की ही प्रत ती हीच. ऑर्किडचा क्रमांक या दुसऱ्या जातीचा. त्यात देश नाही, विषय नाही, संस्था नाही, लिंग नाही. माणूस नोकरी बदलेल, विषय बदलेल, नाव बदलेल. क्रमांकात यातलं काहीच नसल्यामुळे क्रमांक बदलावा लागत नाही.

सोळापैकी शेवटचा आकडा मात्र फुकट बसलेला नाही. तो आधीच्या पंधरांवर राखण करतो. ती कशी, हे पाहायला एक खराखुरा क्रमांक घेऊ: ००००-०००२-१८२५-००९७. क्रमांक खरा, माणूस खोटा. हे जोसाया कार्बेरी, अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाचे प्राध्यापक. त्यांचा विषय तडा गेलेल्या मडक्यांचा अभ्यास. १९२९ साली कुणीतरी सूचनाफलकावर त्यांच्या व्याख्यानाची खोटी सूचना लावली, आणि तेव्हापासून हे गृहस्थ कधीही हजर न होता नोकरीत आहेत. १९५५ मध्ये त्यांच्या नावे विद्यापीठाला १०१ डॉलर १ सेंटची निनावी देणगी आली. अट अशी, की शुक्रवारी तेरा तारीख आली की मडक्यांत सुटे पैसे गोळा करायचे आणि त्यातून प्रा. कार्बेरींना आवडतील किंवा आवडणार नाहीत अशी पुस्तकं घ्यायची. असा देणगीदार आम्हाला का भेटत नाही? असो.

आता हिशेब. डावीकडून एकेक आकडा घ्यायचा, आधीच्या उत्तरात मिळवायचा आणि दुप्पट करायची. सुरुवातीची सात शून्यं शून्यच राहतात. मग २ आला: दुप्पट ४. त्यात १ मिळवून दुप्पट १०. ८ मिळवून दुप्पट ३६. २ मिळवून दुप्पट ७६. ५ मिळवून दुप्पट १६२. पुढच्या दोन शून्यांनी ३२४ आणि ६४८. शेवटी ९ मिळवून दुप्पट १३१४. याला ११ ने भागलं की बाकी ५. बारातून पाच गेले, राहिले ७. क्रमांकाचा शेवटचा आकडा ७ आहेच.

आता समजा टंकताना हात घसरला आणि १८२५ चं १२८५ झालं. तोच हिशेब केला तर शेवटी ११२२ येतात. त्याला ११ ने नि:शेष भाग जातो, बाकी शून्य. बारातून शून्य गेलं, बारा. अकरा किंवा जास्त आले तर अकरा वजा करायचे, म्हणून उत्तर १. पण शेवटी तर ७ लिहिलेत. संगणक तिथेच अडवतो. अकरा ही मूळ संख्या आहे आणि दर पायरीला दुप्पट होते, त्यामुळे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे एकमेकांच्या जागी गेले तर ती चूक कधीच निसटत नाही. माणसं आकडे टंकताना सगळ्यात जास्त याच दोन चुका करतात. उत्तर कधी कधी दहा येतं. दहाला एका जागेत बसवता येत नाही, म्हणून तिथे रोमन दहा, म्हणजे ‘एक्स’ अक्षर लिहितात. स्टीफन हॉकिंग यांच्या क्रमांकाच्या शेवटी तो एक्स आहे. आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना यात नवल वाटणार नाही. पुस्तकावर छापतात त्या आयएसबीएन क्रमांकातही, तो २००७ पूर्वी दहा आकडी होता तेव्हा, हाच अकराचा भागाकार होता आणि हाच एक्स होता.

पण ही राखण फक्त टंकनदोषाची. क्रमांक बिनचूक असूनही दुसऱ्याचा असू शकतो. म्हणून प्राध्यापकांकडून कागदावर क्रमांक लिहून घेण्याची आपली सवय इथे कामाची नाही. त्यांना ऑर्किडमध्ये लॉगिन करायला लावायचं आणि तिथून क्रमांक आपल्या प्रणालीत आपोआप येऊ द्यायचा. एका महाविद्यालयात शिपायाकरवी फॉर्म फिरवून सगळ्यांचे क्रमांक गोळा केल्याचं मी पाहिलं आहे. दोघांनी विभागप्रमुखांचाच क्रमांक लिहून दिला होता. आणखी एक गोष्ट. सरांच्या वतीनं ग्रंथपालानं खातं उघडायचं नसतं, ज्याचा क्रमांक त्यानंच काढायचा. हे समजावताना ‘अहो, तुम्हीच करून टाका ना, ओटीपी सांगतो’ हे वाक्य किती वेळा ऐकलं, याची मोजदाद नाही.

क्रमांक झाला, आता निबंध कुठे ठेवायचा? लोकांना पैसे न देता वाचता यावा अशा जागी. त्या जागेला रिपॉझिटरी, म्हणजे भांडार म्हणतात. इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठात २००० साली अशी भांडारं चालवणारं ईप्रिंट्स हे सॉफ्टवेअर तयार झालं. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचं ग्रंथालय आणि एचपी या संगणक कंपनीची प्रयोगशाळा यांनी मिळून त्याच जातीचं डीस्पेस आणलं. दोन्ही मुक्तस्रोत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं २००२ मध्येच ईप्रिंट्सवर आपलं भांडार उघडलं. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचं भांडार डीस्पेसवर चालतं. पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपात जमा करायचं बंधन यूजीसीनं २००९ च्या नियमांनी घातलं आणि कपाटात कुलूपबंद पडणारे प्रबंध तिथे उघड्यावर आले. पुण्यात गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानं आपली जुनी पुस्तकं स्कॅन करून डीस्पेसवर ठेवली आहेत. त्यात मराठीही भरपूर आहेत. तिथे एखादं शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक शोधायला गेलात तर तास दोन तास सहज जातात, हा स्वानुभव.

रिपॉझिटरीला वेबसाइट म्हणणारे भेटतात, तेव्हा मी त्यांना दोन गोष्टी दाखवते. पहिली पत्ता. वेबसाइटचा पत्ता सर्व्हर बदलला की मरतो. डीस्पेसमध्ये प्रत्येक नोंदीला हँडल नावाचा कायमचा क्रमांक मिळतो. शोधगंगेतल्या प्रत्येक प्रबंधाचं हँडल १०६०३ नं सुरू होतं. उद्या यंत्र बदललं तरी जुना दुवा नव्या जागी नेऊन सोडतो. दुसरी गोष्ट नोंदीची ठेवण. लेखक, शीर्षक, तारीख, विषय अशा ठरावीक पंधरा रकान्यांचा जो सर्वमान्य साचा आहे, त्याला डब्लिन कोअर म्हणतात. यातलं डब्लिन आयर्लंडचं नव्हे, अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं. १९९५ ची पहिली बैठक तिथे झाली. या साच्यात नोंदी असल्या की दुसरी यंत्रं येऊन त्या उचलून नेतात. त्यासाठीचा ठरलेला संवाद २००१ पासून आहे. त्यात विचारायचे प्रश्न फक्त सहा. तू कोण, तुझ्याकडे काय काय आहे, अमुक तारखेनंतरच्या नोंदी दे, अशा धर्तीचे. या उचलण्याला इंग्रजीत सुगीचा शब्द आहे. पेरणी मात्र आमच्याकडे, एकेक रकाना भरत.

आणि त्या रकान्यांत मराठी भरताना काय होतं ते ऐका. ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव घ्या. त्यातला ऱ एकसंध टंकता येतो, किंवा साधा र टंकून खाली नुक्ता देता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या पोटात वेगळे. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी युनिकोड ही जागतिक पद्धत आहे. तिच्या नियमानं हे दोन्ही एकच मानायचे असतात, पण प्रणालीनं तेवढी तसदी घेतली असेल तर. ॲचं दुखणं जास्त चिवट. मराठीचा एकसंध ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र देत, अजूनही कित्येक कळफलक तसंच करतात. हे दोन युनिकोडच्या नियमानंही एक नाहीत. म्हणजे एका ग्रंथपालानं भरलेलं ‘ॲडव्होकेट’ दुसऱ्याच्या शोधाला सापडत नाही, आणि दोघांनाही वाटतं की पुस्तकच नाही. अशा वेळी नावाशेजारी सोळा आकडे असले तर नाव कसंही टंका, माणूस सापडतो. ऑर्किडमध्ये ‘इतर नावं’ असा रकाना असतो आणि तो देवनागरी घेतो. आमच्या प्राध्यापकांपैकी एकानंही तो आपणहून भरला नव्हता.

संस्थांची नावंही अशीच फसवतात. पूना युनिव्हर्सिटी, युनिव्हर्सिटी ऑफ पुणे आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. शिवाय नुसती आद्याक्षरं लिहिणारे आहेतच. २०१९ पासून संस्थांनाही क्रमांक देणारी रोर ही नोंदणी सुरू झाली आहे.

सॉफ्टवेअर उभारायला महिना लागतो. ते भरत नाही, हे खरं दुखणं. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठानं २००८ मध्ये ऑर्बी हे भांडार उघडलं आणि कुलगुरूंनी सांगितलं की बढतीच्या वेळी फक्त भांडारात असलेले निबंधच धरले जातील. भांडार भरलं. आपल्याकडे राष्ट्रीय प्रयोगशाळा चालवणाऱ्या सीएसआयआरनं २०११ मध्ये आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान व विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये मुक्त प्रवेशाची, म्हणजे निबंध सगळ्यांना फुकट वाचता यावेत अशी धोरणं काढली. पण ‘ठेवलं नाही तर बढतीत धरणार नाही’ अशी स्पष्ट अट घालायचं धाडस फारसं कुणी करत नाही. आता ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये देऊन सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली केली आहेत. चांगलंच आहे. पण ते वाचण्याचं भाडं आहे, भाडं थांबलं की दार बंद. आणि त्या संस्थांबाहेरच्या शेतकऱ्यानं, डॉक्टरनं, पत्रकारानं काय करायचं?

प्रकाशकाची छापील पीडीएफ बहुतेकदा भांडारात टाकता येत नाही. परीक्षकांनी मान्य केलेली, पण प्रकाशकानं सजवण्यापूर्वीची लेखकाची शेवटची प्रत पुष्कळदा टाकता येते. कोणतं नियतकालिक काय मुभा देतं हे पूर्वी शेर्पा रोमिओ या सूचीत पाहायला मिळायचं, आता तिची जागा ‘ओपन पॉलिसी फाइंडर’नं घेतली आहे. अडचण एवढीच की ती शेवटची प्रत लेखकाकडे नसते.

रसायनशास्त्राच्या मॅडम एका शनिवारी दुपारी येऊन बसल्या. स्वतःच्या हातानं खातं उघडलं, इतर नावांच्या रकान्यात चारही नावं घातली, पाचवं देवनागरीत. मग यादीतले निबंध एकेक करून आपले म्हणून निवडले. पीएच.डी.च्या काळातल्या एका निबंधाशी थांबल्या. तो मुक्त करायची परवानगी होती, पण प्रत एका सीडीवर, आणि सीडी चालणारा संगणक कॉलेजात एकच, इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत. सीडीत तीन फायली निघाल्या. फायनल, फायनल-दोन आणि फायनल-सरांनी पाहिलेलं. तिसरी उघडली तर गाईडच्या लाल दुरुस्त्या तशाच होत्या. छापील निबंध शेजारी धरून आम्ही त्या ओळीनं पडताळल्या आणि संध्याकाळी सहाला फाइल चढवली. लेखकाच्या रकान्यात मॅडम सासरचं आडनाव टंकायला लागल्या, तेव्हा मी त्यांना थांबवलं. निबंधावर जे छापलंय तेच ठेवायचं. माहेरचं नाव तसंच राहिलं, शेजारी सोळा आकडे.