हे यान कुणाचं? गेममधल्या नावांआधीच्या अक्षरांची पार्श्वभूमी

'डेड स्पेस' हा २००८ सालचा गेम सुरू होतो तेव्हा 'केलियन' नावाचं छोटं यान एका अवाढव्य जहाजाजवळ येत असतं. संदेश पाठवून झालेत, पलीकडून उत्तर नाही. जहाजाचे दिवेही बंद. ग्रह फोडून त्यातलं खनिज काढणाऱ्या त्या जहाजाचं नाव 'यूएसजी इशिमुरा'. केलियनच्या नावाआधीही तीच तीन अक्षरं आहेत. पण दोन्ही यानं आहेत कॉन्कॉर्डन्स एक्स्ट्रॅक्शन कॉर्पोरेशन, म्हणजे सीईसी या खाण कंपनीची. मग यूएसजीत कंपनी कुठे गेली? 'यू' म्हणजे युनायटेड, तर युनायटेड कोण? 'जी' म्हणजे गव्हर्न्मेंट की गिल्ड?

गेम खेळणाऱ्यांत असे वाद वर्षानुवर्षं चालतात आणि मी त्यात मनापासून भाग घेत आलो आहे. हळूहळू माझं मत असं झालं की लाँगफॉर्म काय, यावर आपण जितका वेळ घालवतो तितका तो महत्त्वाचा नाही. ही अक्षरं मुळात वर्णन करण्यासाठी जन्मलीच नाहीत. जहाज कुणाच्या हुकमतीखाली आहे, एवढंच त्यांना सांगायचं असतं.

याचा सगळ्यात सोपा पुरावा समुद्रावर नाही, डोंगरावर आहे. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी आहे. लहानपणी तिथली पाटी वाचून मी वडिलांना विचारलं होतं, "बाबा, इथे जहाज कसं आणलं?" ते हसले आणि म्हणाले, "जहाज नाही रे, नौदलाची शाळा आहे." तरीही नावात 'इंडियन नेव्हल शिप' आहेच. कारण ब्रिटिश नौदलाच्या रिवाजानुसार प्रत्येक नौसैनिकाचं नाव कुठल्या तरी जहाजाच्या हजेरीपटावर असावं लागे, तरच नौदलाचा शिस्तीचा कायदा त्याला नीट लागू होई. त्यामुळे जमिनीवरचे तळसुद्धा कागदोपत्री जहाज म्हणून सेवेत दाखल करत. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत नौसैनिकांचा उठाव सुरू झाला तो 'एचएमआयएस तलवार'वर. तेही जहाज नव्हतं, कुलाब्यातली संदेशवहनाची शाळा होती. पुढे २६ जानेवारी १९५० पासून 'हिज मॅजेस्टीज इंडियन शिप' जाऊन 'इंडियन नेव्हल शिप' आलं. त्या दिवशी कुठल्याही जहाजाचं इंजिन बदललं नाही, तोफा बदलल्या नाहीत. हुकूम कुणाच्या नावाने सुटणार, ते बदललं.

या पद्धतीचं मूळ इंग्लंडचं. 'हिज मॅजेस्टीज शिप अमुक' असं पूर्ण लिहिण्याची रीत जुनी, पण 'एचएमएस' हे आखूड रूप सापडतं ते १७८९ पासून, 'फीनिक्स' या जहाजाच्या नावाआधी. अमेरिकेत तर एकोणिसाव्या शतकात सावळाच गोंधळ होता. कुणी जहाजाचा प्रकार लिही, कुणी त्याचं काम. यूएसएसमधला शेवटचा 'एस' म्हणजे शिप की स्टीमर, हा प्रश्न तेव्हा खऱ्या कागदपत्रांतही पडत असे. अखेर ८ जानेवारी १९०७ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी आदेश काढला: युद्धनौकेच्या नावाआधी 'युनायटेड स्टेट्स शिप' किंवा यूएसएस, दुसरा शब्द किंवा अक्षर नाही. म्हणजे आज आपण गेमबद्दल जे भांडतो, तेच भांडण मिटवायला एका राष्ट्राध्यक्षाला सही करावी लागली होती.

व्यापारी जहाजांची रीत निराळी. तिथे एसएस म्हणजे वाफेवर चालणारं, एमव्ही म्हणजे मोटरवर चालणारं. १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर बुडालेली 'एसएस रामदास' कोकणात अजून विसरलेले नाहीत. तिच्या नावातला एसएस ती कुणाची होती ते सांगत नाही, कशावर चालत होती ते सांगतो. टायटॅनिकच्या नावातलं आरएमएस तिसरीच गोष्ट सांगतं: या जहाजाला ब्रिटिश टपाल नेण्याचं कंत्राट आहे. फ्रेंच, रशियन आणि आजचं जर्मन नौदल अशी अक्षरं मुळात लावतच नाहीत.

विज्ञानकथांनी या सगळ्या रीती एकत्र उचलल्या आणि खिचडी झाली. कुठे अक्षरांत मालक, कुठे वाहनाचा प्रकार, कुठे काम. गेममधले बहुतेक वाद इथून सुरू होतात, असं मला वाटतं.

सुरुवात 'स्टार ट्रेक'पासून धरायला हरकत नाही. सप्टेंबर १९६६ मध्ये ही मालिका अमेरिकन टीव्हीवर आली. 'एंटरप्राइज'च्या आधीचं यूएसएस सरळ अमेरिकी नौदलातून आलेलं, पण कथेतलं जहाज अमेरिकेचं नव्हतं. म्हणून मूळ मालिकेतच कुठे 'युनायटेड स्पेस शिप' तर कुठे 'युनायटेड स्टार शिप' असे दोन्ही उल्लेख येतात. अक्षरं आधी ठरली, अर्थ मागाहून बसवला. 'एंटरप्राइज'च्या अंगावरच्या एनसीसी-१७०१ या नोंदणी क्रमांकाची गोष्ट याहून सुंदर आहे. कला दिग्दर्शक मॅट जेफ्रीज स्वतः विमान चालवत. अमेरिकेत जुन्या नागरी विमानांच्या नोंदणीत 'एनसी' असे, ते त्यांनी घेतलं. त्यात आणखी एक 'सी' जोडला तो सोव्हिएत नोंदणीवरून, कारण अंतराळात काही मोठं करायचं तर सगळ्यांना मिळूनच करावं लागेल, असं त्यांना वाटत होतं. शीतयुद्ध ऐन भरात असताना त्यांनी हे केलं. चाहत्यांनी पुढे त्याचा 'नेव्हल कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्ट' केला. तो कितीही रूढ झाला असला तरी मला जेफ्रीज यांचाच खुलासा जास्त प्रिय आहे.

गेममध्ये ही रीत सर्वात शहाणपणाने वापरली ती १९९९ च्या 'सिस्टम शॉक २' ने. त्यात दोन यानं एकमेकांना जोडून प्रवास करतात. एक आहे ट्रायऑप्टिमम कंपनीचं 'फॉन ब्राउन', दुसरं लष्करी 'यूएनएन रिकनबॅकर'. कंपनीच्या यानाला अक्षरं नाहीत, लष्कराच्या यानाला आहेत. यूएनएन म्हणजे 'युनिफाइड नॅशनल नॉमिनेट', ही त्या जगातली सत्ता. कंपनीवर सरकारचा किती विश्वास आहे, ते या फरकातून कळतं. गंमत म्हणजे 'द एक्स्पान्स' या मालिकेतही यूएनएन आहे, पण तिथे ते संयुक्त राष्ट्रांचं नौदल. नुसत्या अक्षरांवरून लाँगफॉर्म काढू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

आता पुन्हा इशिमुराकडे. यूएसजी हे एकटं पाहिलं तर डोकं खाजवत बसावं लागतं, पण बाकीच्या यानांशेजारी ठेवलं की ते बोलू लागतं. पहिल्याच गेममध्ये मदतीला येणारं लष्करी यान आहे 'यूएसएम व्हॅलर'. पहिली दोन अक्षरं तीच, तिसरं वेगळं. म्हणजे सत्ता एक, शाखा दोन, असं मी वाचतो. २०१३ च्या 'डेड स्पेस ३' मध्ये गेमचा नायक आयझॅक क्लार्क टाउ व्होलांटिस ग्रहाजवळ पोचतो तो 'यूएसएम युडोरा'तून. तिथे दोनशे वर्षांपूर्वीच्या जहाजांचे सांगाडे तरंगत असतात. त्यांची नावं 'सीएमएस रोअनोक', 'सीएमएस टेरा नोव्हा', 'सीएमएस ग्रीली'. ती जहाजं सॉव्हरिन कॉलनीजची, आणि ते सरकार कधीच संपलेलं. कुणी काही समजावून सांगायच्या आधीच नावाआधीची अक्षरं सांगतात की हे राज्य दुसरं होतं. एचएमआयएस आणि आयएनएस यांच्यातलं अंतर ज्याला ठाऊक आहे, त्याला हे लगेच कळतं.

२०१६ च्या 'स्टेलारिस'ने तर हे काम खेळणाऱ्यावरच सोपवलं. साम्राज्य उभारताना जहाजांच्या नावाआधीची अक्षरं भरायला तिथे एक रकाना असतो. माझ्या ओळखीचे काही जण त्या एका रकान्यापाशी राज्यघटनेपेक्षा जास्त वेळ अडतात, आणि मला ते अगदी रास्त वाटतं.

'मास इफेक्ट' या गेममधल्या 'नॉर्मंडी' यानाआधीच्या एसएसव्हीवर मात्र सगळ्यात जास्त वाद ऐकला. गेमच्या कोडेक्समध्ये, म्हणजे आतल्या माहितीकोशात, त्याचा अर्थ 'सिस्टम्स अलायन्स स्पेस व्हेईकल' असा स्पष्ट दिला आहे; सिस्टम्स अलायन्स म्हणजे त्या जगातली माणसांची सत्ता. तरी हरकत घेतली जाते की मग अलायन्सचा 'ए' कुठे गेला? व्यापारी यानांच्या एमएसव्हीतला 'एम' म्हणजे मर्चंट, असं बहुतेक जण मानतात. मीही मानतो.

पण खरी गोष्ट त्या यानाच्या आयुष्यात आहे, आणि ती समजायला आपली विक्रांत डोळ्यांपुढे आणावी. इंग्लंडने ही विमानवाहू नौका 'हर्क्युलिस' नावाने बांधायला घेतली आणि ती अर्धवट राहिली. भारताने १९५७ मध्ये ती विकत घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये ती आयएनएस विक्रांत झाली. ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. मग मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा तिचं नाव होतं आयएमएस विक्रांत, इंडियन म्युझियम शिप. पोलाद तेच, डेक तोच, मधलं एक अक्षर बदललं. ज्यांनी तिच्यावर सेवा केली होती त्यांना ते एक अक्षर किती जड गेलं असेल!

'नॉर्मंडी'चंही असंच. २००७ च्या पहिल्या भागात ती एसएसव्ही नॉर्मंडी होती, अलायन्सची. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच ती नष्ट होते आणि सर्बेरस ही संघटना नवी नॉर्मंडी बांधते. नाव तेच, चालकाच्या जागी पुन्हा 'जोकर' या टोपणनावाचा तोच वैमानिक, पण अंगावर सर्बेरसचं चिन्ह आणि नावाआधी काही नाही. तिसऱ्या भागात अलायन्स ती ताब्यात घेते, सर्बेरसचं चिन्ह जातं, अलायन्सचे रंग चढतात आणि नॉर्मंडीच्या आधी पुन्हा एसएसव्ही लागतं.